किती टक्के?

हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांची इलेक्ट्रिक गाडी दारात आली, तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या पेठेत माझा भाव वधारला होता. आता मी दिसलो की लोक एवढंच विचारतात, "किती टक्के?" दहावीच्या निकालानंतर हा प्रश्न माझ्या आयुष्यात परत येईल असं वाटलं नव्हतं.

"घरीच चार्ज करायची हो, मोबाईलसारखी," असं शोरूममधल्या पोराने सांगितलं होतं. मी दुसऱ्या मजल्यावरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटातून, वाळत घातलेल्या साड्यांच्या मधून वायर खाली सोडली. चार्जरवर लाल दिवा. इमारत जुनी, अर्थिंग नावापुरतं. वायरमन म्हणाला, "अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घाला आणि रोज पाणी सोडा." मी भक्तिभावाने रोज सकाळी पाणी घालू लागलो. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय लावलंय इथं?" आता काय सांगणार! पुढे दिवा हिरवा झाला, तर सोसायटीचे सेक्रेटरी लाल झाले. "आज तुमची वायर, उद्या सगळ्यांच्या. भार कोण सोसणार?"

म्हणून आता मी सार्वजनिक चार्जिंगवर जगतो.

नकाशावर हिरवे ठिपके भरपूर दिसतात. एक ठिपका शोरूमच्या आवारात निघाला. तिथे संध्याकाळी सातला कुलूप. दुसरा 'लवकरच सुरू होत आहे' या अवस्थेत कायमचा स्थिरावलेला. तिसरा हायवेवरच्या हॉटेलात, आणि तो चालू! परवा १९ टक्के घेऊन तिथे पोचलो, तर चार्जरसमोर भलीमोठी डिझेल गाडी सावलीला लावलेली. मालक आत मिसळ खात होते. त्यांचा दुसरा रस्सा होईपर्यंत मी १८ टक्क्यांवर आलो, कारण एसी बंद करायचा धीर झाला नाही.

मग अ‍ॅप. प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप, प्रत्येकाचं वेगळं वॉलेट, आणि त्यात आधी पैसे भरा. पाच वॉलेटांत मिळून माझे ८४० रुपये अडकलेत. एवढ्या ठिकाणी माझ्या मुदत ठेवीसुद्धा नाहीत. ओटीपीसाठी हात उंच करून पार्किंगभर फिरलो. तो आला, तेव्हा त्याची मुदत संपली होती.

शेवटी वॉचमनमामा आले. "साहेब, चार्जरची गन जरा वर उचलून गाडीत दाबा की. मघाशी पुण्याच्या पाहुण्यांचीपण बसंना." मामांकडे सायकल आहे, पण अख्ख्या जिल्ह्यात चार्जिंगमधला त्यांच्याइतका जाणकार मला भेटलेला नाही. त्यांनी गन खटकन बसवली आणि आकडे हलू लागले.

चार्जरवर ३० किलोवॅट लिहिलेलं. शेजारी दुसरी गाडी लागली की ते वाटून मिळतात, हे लिहिलेलं नाही. शिवाय ८० टक्क्यांनंतर सगळंच मंदावतं. एसटीत पहिले चाळीस जण पटापट बसतात, पण शेवटच्या चौघांना आत घ्यायला कंडक्टरला घसा फोडावा लागतो, तसं. तोवर हॉटेलात बसायचं. बसलं की खायचं. पेट्रोलचे वाचलेले पैसे मी आजवर कांदाभज्यांत गुंतवत आलोय.

दुसरी प्लेट आली आणि लाइट गेली.

जनरेटर धडधडला. मी आशेने काउंटरकडे बघितलं. हॉटेलमालक म्हणाले, "तो पंखे-दिव्यांपुरताच आहे हो. तुमची गाडी लावली तर गिऱ्हाइकं अंधारात जेवतील."

तेवढ्यात घरून फोन. "अहो, किती?"

"सदतीस."

"पास झालात. या घरी."