वाडग्यावरचे क्रौंच ब्रशने आलेले नाहीत

ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. राखाडी वाडगा, त्यावर पांढरे-काळे क्रौंच, आणि खाली मजकूर: ‘४०० वर्षांपूर्वीची शुद्ध जपानी कला. बारीक ब्रशने रंगवलेला जपानचा राष्ट्रीय पक्षी. झिलईतल्या चिरा हाच अस्सलपणाचा पुरावा!’ वाडगा देखणा आहे, त्यावर वाद नाही. मजकुराचं मात्र एकही वाक्य धड उभं राहत नाही.

आधी ब्रश. असा पक्षी रंगवत नाहीत, मातीत भरतात. वाडगा अर्धवट सुकला की त्यावर आकृती कोरायची किंवा ठसा दाबायचा. त्या खाचेत पातळ कालवलेली पांढरी माती भरायची. काळ्या भागासाठी लोह जास्त असलेली माती. थोडी सुकल्यावर वरचं सगळं खरवडून टाकायचं. खाचेत उरतो तो क्रौंच. मग भाजणी, पारदर्शक झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा थर), पुन्हा भाजणी. बिदरी कामात धातूत चांदी बसवतात, तसं हे मातीत माती बसवणं. दोन्ही माती सुकताना सारख्या आक्रसल्या नाहीत, तर पक्ष्याचा पंख सुटून येतो. या कामातली खरी जोखीम ही, आणि फॉरवर्डवाल्याला तिचा पत्ताच नाही.

‘शुद्ध जपानी’ हे तर सर्वांत खटकणारं. मातीत माती भरण्याची ही पद्धत, म्हणजे भरणी, १२व्या शतकात कोरियात, गोर्यो राजवटीत बहरली. ढगांमधले क्रौंच ही तिथलीच नक्षी. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजा कोरियात घुसल्या आणि परतताना अनेक कुंभारांना पकडून घेऊन आल्या. क्यूशू बेटावरच्या कित्येक भट्ट्या कोरियन कुंभारांनीच उभ्या केल्या. याच बेटावरच्या यात्सुशिरोची भरणीची भांडी प्रसिद्ध आहेत. त्या परंपरेचा मूळपुरुष सोनकाई हाही कोरियनच. होसोकावा हे सरदार घराणं १६३२ मध्ये हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत आलं, तेव्हा त्यांच्या पदरचा हा कुंभारही तिकडे गेला. शिवाय १७व्या शतकात जपानी लोक नमुने पाठवून कोरियातल्या बुसानहून चहाचे वाडगे करवून घेत. उभ्या क्रौंचाचे प्रसिद्ध वाडगे त्यांतलेच. म्हणजे मागणी जपानी, माती आणि भट्टी कोरियन. ‘शुद्ध’ नेमकं काय उरलं?

राष्ट्रीय पक्ष्याचं दोन ओळींत उरकू. जपानचा राष्ट्रीय पक्षी हिरवा फेझंट (कोंबडीच्या कुळातला पक्षी), म्हणजे किजी. १९४७ मध्ये निवडलेला. क्रौंच हे दीर्घायुष्याचं चिन्ह, म्हणून तो भांड्यांवर.

राहिल्या चिरा. भट्टीतून निघालेलं भांडं निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसली की जाळं पडतं. ते पहिल्याच दिवशीही पडू शकतं. त्यात चहाचा रंग मुरतो हे खरं, पण नवा वाडगा चहात भिजत ठेवला तरी मुरतोच! वय ठरवताना जाणकार वाडगा उलटा करतात. बुडाची कडी कशी कापलीय, झिलई कुठे थांबलीय, उघडी माती कोणत्या रंगाची आहे, हे तिथेच दिसतं. फॉरवर्डमध्ये बुडाचा फोटो मात्र नाही.