शेठच्या संपत्तीची राखण कशी करावी

अतिश्रीमंतांवर जबर कर लावावा का, संपत्तीला काही कमाल मर्यादा असावी का, असला विषय चहाच्या टपरीवर निघाला की तुमची ड्यूटी सुरू झाली असं समजा. शेठ काही टपरीवर येत नाहीत. त्यांची बाजू मांडायला तिथे तुमच्याशिवाय आहे कोण? खिशात एकशेवीस रुपये आणि पाच तारखेला गाडीचा हप्ता, असा माणूस या कामाला सगळ्यात लायक. त्याच्यावर कुणी स्वार्थाचा आरोप करू शकत नाही.

आधी घाबरायला शिका. २०२४च्या लोकसभेच्या प्रचारात लोकांची मंगळसूत्रं जाणार इथपर्यंत गोष्ट पोहोचली होती, आणि त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या वारसा कराचा विषय निघाला. आता त्या अमेरिकेत त्या वर्षी हा केंद्राचा कर लागत होता १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच्या वारशाला, म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर कोटी रुपयांच्या पुढे. हे तुम्ही कुणाला सांगू नका. आईचं दीड तोळ्याचं मंगळसूत्र आणि शंभर कोटी यांतलं अंतर लोकांना कळलं तर घाबरण्यात मजा राहत नाही.

मग इतिहास. थोडाच सांगायचा, आणि अर्धाच. १९७३-७४ साली आयकराचा सगळ्यात वरचा दर ९७.७५ टक्के होता, हा आकडा पाठ करून ठेवा. शंभर कमवा, सव्वादोन घरी न्या! समोरचा गप्प बसतो. वारसांवर पडणारी इस्टेट ड्यूटी १९५३ साली आली, पुढे तिचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला आणि १९८५ साली ती गेली. संपत्ती कर १९५७ साली आला आणि २०१५च्या अर्थसंकल्पात गेला. का गेला? वसुलीचा खटाटोप जास्त आणि हाती येतं थोडं, म्हणून. २०१३-१४ साली सगळ्या देशातून जमले जेमतेम १ हजार ८ कोटी.

इथेच थांबा. कुणी म्हणेल, अहो, १९९३ पासून त्या करातून शेअर वगळले होते ना? कर होता दागिने, मोटारी, जादा घर, शहरातला मोकळा प्लॉट असल्या गोष्टींवर, आणि शेठची खरी संपत्ती तर शेअरमध्ये. बुडाला भोक पाडलेल्या बादलीने विहीर उपसायची आणि मग विहिरीत पाणीच नव्हतं म्हणायचं, अशातला तो प्रकार. असा माणूस टपरीवर भेटलाच तर चहाचे पैसे देऊन निघा. (त्याचेही द्या. जखम लवकर भरते.)

मर्यादेचा मुद्दा मात्र नीट हाताळा, कारण इथे मोठमोठे वकील घसरतात. 'संपत्तीला मर्यादा घालणं आपल्या मातीत बसत नाही,' असं ठणकावून सांगायचा मोह होईल. आवरा. समोर एखादा शेतकरी बसलेला असतो. महाराष्ट्रात १९६१चा सीलिंगचा कायदा अजून जिवंत आहे: कोरडवाहू जमीन कुटुंबामागे ५४ एकर, बारमाही पाण्याची असेल तर १८. वरची सरकारजमा. त्या काळात कुणी कुणी कुत्र्यामांजरांच्या नावावर सातबारे केले म्हणतात, ते याच कायद्यापायी. शहरातल्या जमिनीलाही १९७६ साली मर्यादा घातली होती, मुंबईत मोकळी जागा ५०० चौरस मीटर. ती २००७ साली राज्याने उठवली. शेताची तेवढी राहिली. शहर वाढायचं असतं, बांधाने कशाला वाढावं?

शिवाय आपण मर्यादाप्रेमी लोक आहोत. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी शिधापत्रिका, एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या पुढे पांढरी. बहिणींना महिन्याला दीड हजार द्यायचे ठरले तेव्हाही नियमांत आलं, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि ट्रॅक्टर सोडून घरात चारचाकी नको. मर्यादा आहेतच हो, फक्त त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसवलेल्या आहेत. मागे एकदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत होतो. माझ्या पुढे एक आजी. टेबलामागच्या माणसाने सहज विचारलं, "घरात काय काय आहे, आजी?" आजींनी कपाट सांगितलं, टीव्ही सांगितला, आणि मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. फ्रिज सांगू का नको? मी मान हलवली. हो म्हणालो की नाही, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही. अशा वेळी तुम्ही आजींना समजावून सांगायचं, की संपत्तीची मोजदाद हे फार किचकट काम असतं, जगभरच्या अर्थतज्ज्ञांना ते जमलेलं नाही.

शेठचं प्रकरण खरोखरच किचकट आहे. शेअरचा भाव वाढला, पण विकला नाही तर नफा झालाच नाही, आणि नफा नाही तर कर कसला? खर्चाला पैसे लागले तर तेच शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं, आणि कर्ज म्हणजे काही उत्पन्न नव्हे. तुमचा पगार मात्र खात्यात पडण्याआधीच टीडीएस कापून येतो. याला सोपी करप्रणाली म्हणतात.

तरुण पोरं जमली असतील तर त्यांना मेहनतीचं महत्त्व सांगा. पहाटे पाचला उठा, चहा सोडा, रोज एक लाख रुपये बाजूला टाका. एक लाख कोटी व्हायला २७ हजार वर्षांहून थोडा जास्त वेळ लागेल. व्याज धरलेलं नाही, पण महागाईही धरलेली नाही, तेव्हा फिट्टंफाट. अश्मयुगात कुणी सुरुवात केली असती तर आज पोहोचला असता. त्या लोकांना शिस्त नव्हती.

आणि 'कर लावला तर शेठ देश सोडून जातील' हे वाक्य निघताना टाकायचं, आवाज थोडा दाटून आलेला हवा. शेठ गेले तर जमीन, बंदर, खाण, टॉवर सगळं बॅगेत भरून नेणार, असा चेहरा करा.

इतकं करूनही कुणी म्हणालंच, की श्रीमंताला मर्यादा नाही, तर त्याला व्यवसाय कर दाखवा. आपल्या पगाराच्या स्लिपवर पी.टी. असं लिहिलेलं असतं ना, तोच. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला महाराष्ट्रात तो वर्षाला अडीच हजार पडतो. कंपनीचे संचालक असलेल्या शेठलाही अडीच हजारच. त्याच्या वर राज्याला एक रुपयाही घेता येत नाही. राज्यघटनेच्या २७६व्या कलमात तशी मर्यादाच आहे. म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. येत्या फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त कापलेले दिसले तर अकाउंट्समध्ये जाऊन भांडू नका. तेवढेच शंभर शेठचेही गेले.