‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, नेमका कोणत्या निरोगी पेशीतून उगवतो, या माझ्या लेखावर ‘एक सोलापूरकर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. लेख लांबलचक आहे, पेशंटला घाबरवणारा आहे, लिहिणारा डॉक्टर नाही, आणि ‘घर जळून गेल्यावर काडी कुणी ओढली हे शोधून काय उपयोग, औषध सगळ्यांना तेच देतात’. वर ‘उगाच पांडित्य पाजळू नका’ असा सल्लाही.

पाजळू नका? अहो, मतभेद असू द्या, पण ही कुठली बोलायची रीत? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. नाव लपवून दुसऱ्याची लायकी काढणं सोपं असतं. लेख लांब झाला, हे मान्य. एक आकृती दिली असती तर दोन परिच्छेद कमी झाले असते.

डॉक्टर नसल्याचं मी कधीच लपवलेलं नाही. इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी हयात गेली. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, कोमट पाण्यावर तरंगवून सुरकुती न पडता काचेवर उचलायचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या मानेतली गाठ टीबीची समजून तिला महिनोन्महिने गोळ्या दिल्या गेल्या. तुकडा कुणी काढलाच नाही. काढला तेव्हा हॉजकिन, म्हणजे लिम्फोमाचाच एक प्रकार, निघाला. तेव्हा ‘काय उपयोग’ हे निदान मला तरी विचारू नका.

आता तुमचं ते ‘तेच औषध’. आर-चॉप हा लिम्फोमावरचा नेहमीचा औषधांचा संच. त्यातला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब, अमेरिकेत 1997 साली मंजूर झालेलं. ते सीडी20 या प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन निरोगी बी-पेशींवरही, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही, असतं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर मात्र नसतं, म्हणून सगळ्या बी-पेशी साफ झाल्या तरी शरीर नव्या घडवतं. निरोगी पेशी नीट ओळखल्याशिवाय हे गणित मांडता आलं असतं का? टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार. त्यातून आलेल्या लिम्फोमावर सीडी20 सहसा नसतंच. तिथे हा ‘आर’ चिकटणार कशाला? बर्किट या झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमाला नुसतं चॉप पुरत नाही, जास्त कडक केमो लागते. जठरातल्या माल्ट नावाच्या लिम्फोमात हेलिकोबॅक्टर हा जंतू सापडला तर सुरुवात अँटिबायोटिकने करतात, आणि कितीतरी पेशंटचा आजार तेवढ्यावरच ओसरतो. याला ‘सगळ्यांना तेच’ म्हणतात? डिफ्यूज लार्ज बी-सेल या लिम्फोमाचे, कुठल्या टप्प्यातल्या बी-पेशीतून उगवले यानुसार, दोन प्रकार 2000 साली कुठली जनुकं चालू आहेत हे बघून वेगळे ओळखले गेले, आणि दोन्हींना आजही बहुधा आर-चॉपच सुरू करतात. एवढ्यापुरतं तुमचं खरं. पण त्या दोन गटांतले पेशंट सारखे जगत नाहीत, हे दिसलं ते मूळ शोधल्यामुळेच.

आणि हे मूळ कुणाच्या अंदाजाने ठरत नाही. जंतू आला की लसिकाग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये बी-पेशी आपल्याच अँटिबॉडीच्या जनुकात बदल करत सुटतात. जिची अँटिबॉडी जंतूला नीट चिकटली ती जगते, बाकीच्या मरतात. जनुकातल्या या बदलांच्या खुणा पेशीत आणि तिच्या वंशात कायम राहतात. हॉजकिनमधल्या रीड-स्टर्नबर्ग नावाच्या कॅन्सरच्या पेशी मुळात कुठल्या, यावर कित्येक दशकं वाद होता, कारण ग्रंथीत त्या शंभरात एखादी आणि दिसायला कुणासारखीच नाही. 1994 साली जर्मनीतल्या संशोधकांनी कापातून त्या एकेक करून उचलल्या, जनुकं वाचली, आणि त्या बी-पेशींच्या वंशातल्या निघाल्या. पुढे काहींमध्ये अँटिबॉडी तयारच होऊ नये असे बिघाड सापडले. अशी पेशी ग्रंथीत मरायला हवी होती. ती जगली कशी, यातच तो आजार आहे, आणि तुम्ही म्हणता काडी शोधू नका!

पेशंट घाबरतात म्हणता. माझी बहीण घाबरली होती ती गाठ कसली हे कुणी सांगत नव्हतं तेव्हा. रिपोर्ट आल्यावर तिने पहिलं विचारलं, ‘मग त्या टीबीच्या गोळ्या बंद ना?’

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही. पुढचा लेख टी-पेशींच्या लिम्फोमावर आहे, तोही लांबच असेल. प्रतिक्रिया द्यायची तर नावानिशी द्या.