लहान गावात डॉक्टर शिकायलाच पाठवा

मैत्रिणीची मुलगी मेडिकलला आहे. पुढच्या पोस्टिंगसाठी पसंतीक्रम भरायचाय आणि यादीत एका लहान गावातलं रुग्णालयही आहे. तिच्या बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांनी ते शेवटच्या नंबरवर टाकलंय. "मावशी, तिथे केसेसच नसतात गं. शिकणार काय?" असं तिने विचारलं, आणि तेव्हापासून मला राहवत नाहीये.

केसेस कुठे असतात याचा हिशोब १९६१ मध्येच मांडून झालाय. केर व्हाइट या डॉक्टर-संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं: एक हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जणांना दाखल व्हावं लागतं. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एक. २००१ मध्ये हाच हिशोब पुन्हा झाला, तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. आपण डॉक्टर घडवतो ते मुख्यतः त्या एका माणसाच्या उशाशी. मग उरलेले २४९ जण समोर येऊन बसले की नवा डॉक्टर गोंधळतो, यात त्या पोराचा काय दोष?

मीही मोठ्या रुग्णालयातच शिकले. तिथल्या शिक्षकांचं ऋण कधी फिटणार नाही. पण तिथे पेशंट म्हणजे "चौदा नंबरचा डायबेटिक फूट", म्हणजे चौदा नंबरच्या खाटेवरचा, मधुमेहाने पाय बिघडलेला माणूस. तो इथवर कसा पोचला, घरी गेल्यावर त्याचं काय झालं, काही कळायचं नाही. डिस्चार्ज कार्ड लिहिलं की आमच्यापुरता विषय संपला.

नंतर काही महिने एका लहान गावात काढले. तिथे एक आजोबा होते. साखर काही केल्या आटोक्यात येत नव्हती, पायाची जखम भरत नव्हती. मी इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवला होता, तिसऱ्यांदा वाढवायला निघाले तेव्हा तिथल्या सीनिअर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "थांब. आधी त्यांच्या घरी जाऊन ये. सिरिंज त्यांच्या हातात दे आणि भरायला सांग." गेले. आजोबांनी खिडकीतली बाटली उचलली, उन्हाने कोमट झालेली. सिरिंज डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि अंदाजाने ओढली. आत गेलं ते निम्मंसुद्धा नव्हतं. त्यांना त्या बारीक रेषा दिसतच नव्हत्या, आणि हे सांगायची लाज वाटत होती. मी कागदावर डोस वाढवत राहिले असते आणि एखाद्या दिवशी सुनेने सिरिंज बरोबर भरून दिली असती, तर? त्या विचाराने आजही पोटात गोळा येतो. औषध लिहिणं आणि औषध पोटात किंवा अंगात जाणं, यातलं अंतर मला कुठल्याही वॉर्डात दिसलं नव्हतं.

दुसरं म्हणजे, लहान गावात तुमची चूक तुम्हाला शोधत परत येते. "साधी सर्दी आहे" म्हणून घरी पाठवलेलं दीड वर्षाचं बाळ तिसऱ्या दिवशी धापा टाकत माझ्याच टेबलासमोर आलं. त्या वयात एका मिनिटात चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजायची सवय त्या दिवशी लागली. बाळ बरं झालं. ते मला रस्त्यात दिसायचं, आणि दर वेळी ते मिनिट आठवायचं.

हा माझ्या एकटीचा भाबडा अनुभव नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना अख्खं एक वर्ष लहान गावांमध्ये ठेवायला सुरुवात केली. एक महिना मेडिसिन, एक महिना सर्जरी असे तुकडे न पाडता, जो पेशंट येईल तो शिकायचा आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे राहायचं. परीक्षेत हे विद्यार्थी शहरातल्या मोठ्या रुग्णालयातल्या मुलांपेक्षा सरस ठरले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने हे १९७१ लाच सुरू केलं होतं. कॅनडात उत्तर ऑंटारियोने २००५ मध्ये अख्खं मेडिकल स्कूलच या विचारावर उभं केलं. सेवाग्रामचं कॉलेज तर १९६९ चं. म्हणजे कल्पना जुनी आहे, पारखलेली आहे.

गावाचा फायदा उघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितलं होतं की जगातले निम्मे लोक ग्रामीण भागात राहतात आणि डॉक्टर मात्र पावहिश्श्याहूनही कमी. उपायांमध्ये त्यांनी काय सुचवलं? ग्रामीण भागातली मुलं निवडा, कॉलेजं राजधान्यांबाहेर काढा, शिकतानाच गावात पाठवा. जपानमधल्या जिची विद्यापीठात १९७२ पासून प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात. पदवीनंतर साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात काम केलं की फी माफ. नुसता बाँड, म्हणजे सक्तीच्या सेवेचा करार, नाही तो. त्या मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं की आपण कुठल्या कामासाठी तयार होतोय. पदवी झाल्यावर एकदम बाँडचा कागद पुढे केला की तीच जागा शिक्षा वाटते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. शिकवणारं कुणी नसताना पोरांना गावात नेऊन सोडणं याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. तो पेशंटवरही अन्याय आणि मुलांवरही. राहायला धड खोली हवी, इंटरनेट हवं. आणि तिथल्या सीनिअर डॉक्टरला शिकवण्यासाठी वेगळा वेळ आणि त्याचे पैसे हवेत. शंभरची ओपीडी उरकून उरलेल्या दहा मिनिटांत कुणी शिकवू शकत नाही. माझ्या मॅडम शिकवायच्या, कारण त्या स्वतःच्या जेवणाची वेळ देत होत्या. ते दर वेळी कुणाकडून का अपेक्षावं?

फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे. मैत्रिणीच्या मुलीला मी सांगितलंय, क्रम लावण्याआधी तिथे आधी राहून आलेल्या एखाद्या सीनिअरला फोन कर आणि दोनच गोष्टी विचार: तिथे शिकवणारं कोण आहे, आणि रात्री दोनला फोन केला तर उचलतात का.