सौभद्राला संजीवनी कशी द्यावी

तर तुम्ही ‘संगीत सौभद्र’ नव्या पिढीसाठी पुन्हा रंगभूमीवर आणायचं ठरवलंय. छान. सगळ्यात आधी ते मेलंय असं जाहीर करा. जाहिरातीत ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द शोभायचा तर आधी कुणीतरी गेलेलं असावं लागतं. गोव्यात देवळाच्या जत्रेला गावची मंडळी अजून तोंडाला रंग लावून संगीत नाटक करतात, महाराष्ट्राच्या राज्य नाट्यस्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो, हे विषय पत्रकार परिषदेत काढू नका. संगीत नाटक संपल्याचं त्या मंडळींना कुणी कळवलेलं नाही, एवढंच.

आता रंगावृत्ती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली आणलेल्या या नाटकात शंभरावर पदं आहेत. प्रेक्षक जेवून यायचे आणि कोंबडा आरवताना घरी जायचे. तुमच्या हातात साडेचार ते साडेसात. त्यातला पाऊण तास दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुण्यांचा, त्याला कात्री लावता येत नाही. शिवाय साडेसातला पुढच्या नाटकवाल्यांचा टेम्पो मागच्या दाराशी हॉर्न वाजवत उभा असतो. म्हणजे कापायचं ते नाटकच.

काय कापाल? गद्य. लोकांना तोंडपाठ असलेली दहा-बारा पदं ठेवा आणि मधल्या फटी निवेदिकेच्या पैठणीने बुजवा.

तरीही एका प्रवेशाबद्दल बजावून सांगतो, कारण नवखे दिग्दर्शक इथेच घसरतात. मोठा भाऊ बलराम याने बहिणीचं, म्हणजे सुभद्रेचं, लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवलंय. तिला अर्जुन हवा. मग अर्जुन भगवी वस्त्रं घालून खोटा संन्यासी होतो आणि कृष्ण गालातल्या गालात हसत सगळी सूत्रं हलवतो. बलरामदादा या महाराजांच्या इतके भजनी लागतात की त्यांना घरात ठेवून घेतात, वर त्यांच्या सेवेला बहिणीलाच नेमतात! घरातला कर्ता पुरुष, मुलीची मर्जी न विचारता जमवलेली सोयरीक आणि देवघरापर्यंत पोचलेला भोंदू बाबा. आजच्या प्रेक्षकाला यातलं काय कळणार? शिवाय कुणाच्या तरी भावना दुखावतील. हे सगळं काढून टाका आणि मग नाटक ‘आजचं’ कसं वाटेल, यावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्या.

कार्यशाळेतून एलईडी पडदा निघेल, तो निघतोच. त्यावर द्वारका दाखवा, लाटा हलत्या ठेवा. अर्जुन व्याकूळ होऊन गात असेल तेव्हा मागून एक डॉल्फिन जाऊ द्या. ऑर्गनच्या जोडीला गिटार आणि ड्रम घ्या. ऑर्गनवाल्याला काढू मात्र नका. गाणी ट्रॅकवर असली तरी पोस्टरवर ‘जिवंत साथसंगत’ लिहायला तो लागतो. (मी अशा एका प्रयोगाला वादकांच्या खड्ड्यात ऑर्गनवर बसलो होतो. अडीच तासांत चारदा भात्यावर पाय ठेवला. मानधन पूर्ण मिळालं, तक्रार नाही.)

अर्जुन कुठून आणाल? गाणारा घेतलात तर तो उभा राहून गाईल, अभिनय करणारा घेतलात तर ओठ हलवेल. दोन्ही येणारी मुलं स्पर्धेच्या नाटकांत सापडतात, पण त्यांचे फॉलोअर कमी असतात. गाणाराच घेतलात तर त्याला वेळेचं बंधन घालू नका. सुभद्रेचं लग्न तोंडावर आलेलं असताना त्याने वीस मिनिटं तानांची भेंडोळी सोडावीत आणि सुभद्रेने तेवढा वेळ खांबाला टेकून दुःखी राहावं. कुणी भुवया उंचावल्या तर ‘परंपरा’ म्हणा. किर्लोस्करांच्या काळी पात्र बोलता बोलता गायचं आणि गाऊन झालं की पुढे बोलायचं. पदाची मैफल झाली ती पुढे बालगंधर्वांच्या काळात, हे कोण तपासायला येणार आहे? तसे स्वतः अण्णासाहेबही या कामाला नालायकच. पारशी मंडळींचा खेळ पाहून त्यांनी संगीत नाटकाचं मनावर घेतलं अशी कथा आहे. साकी, दिंडी, लावणी, कानडी मुलखातल्या चाली, जे कानाला गोड लागलं ते त्यांनी उचललं. आज असते तर ‘परंपरेची मोडतोड’ म्हणून तुमच्याच समितीने त्यांना परत पाठवलं असतं.

तरुण प्रेक्षकांसाठी तीस सेकंदांचं रील पुरे. ते पाहून ते येणार नाहीत, पण त्यांच्या नावाने अनुदान मागता येतं. येणार ते पहिल्या तीन रांगांतले आजोबा. ते गायकाच्या अर्धी ओळ पुढे गुणगुणतील आणि छोटा गंधर्वांचा कृष्ण कसा होता ते शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतील. त्यांची नाराजी धरू नका, तिकीट त्यांनीच काढलंय.

पडदा पडल्यावर त्यातलेच एक काठी टेकत विंगेत येतील आणि विचारतील, ‘‘सगळं झकास झालं हो, पण तो संन्यासी आलाच नाही?’’ त्यांना खुर्ची द्या, चहा द्या आणि डॉल्फिन आवडला का ते विचारा.