जिंजीबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: जिंजीचा किल्ला शिवरायांनी तमिळ मुलखात बांधला, औरंगजेबाला तो शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि तिथल्या लोकांनी मराठ्यांच्या खुणा पुसून टाकल्या. महाराजांवरच्या प्रेमापोटीच लोक हे पुढे पाठवतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी बांधकामाचं बघू. महाराज १६७७ साली दक्षिणेत उतरले तेव्हा जिंजी विजापूरकरांकडे होती, आणि त्याआधी तिथे विजयनगरचे नायक नांदून गेले होते. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना कवेत घेणारा हा किल्ला महाराजांना फारशी लढाई न होता मिळाला. १२ किल्ल्यांची यादी म्हणजे महाराजांनी बांधलेल्या किल्ल्यांची यादी, असं धरून चालल्यामुळे हा घोळ होतो. त्याच यादीत शिवनेरी आहे. महाराजांचा जन्मच तिथला, मग तो त्यांनी कसा बांधला असेल?

पण बांधला नाही म्हणजे काहीच केलं नाही, असं मुळीच नाही. तिकडे राहणाऱ्या एका जेझुइट पाद्र्याने त्या सुमारास लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. नवे तट, खंदक, बुरूज, पाण्याची टाकी ही सगळी कामं महाराजांनी अशी करून घेतली, की युरोपातल्या कारागिरांनीही ती आपली म्हणून मिरवावीत, असा त्याचा सूर आहे. हजार किलोमीटरवरच्या त्या किल्ल्यात महाराजांनी पैसा आणि डोकं ओतलं, आणि बारा वर्षांनी त्याच तटांनी स्वराज्य सांभाळलं. माझ्या लेखी हे नवा किल्ला बांधण्यापेक्षा मोठं आहे.

दुसरा दावा तर कोणतंही इतिहासाचं पुस्तक उघडलं तरी टिकत नाही. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज १६८९ च्या अखेरीस जिंजीला पोचले आणि राजधानीच तिथे हलली. प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवं पद निघालं ते इथेच. १६९० मध्ये औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखानाने वेढा घातला. संताजी-धनाजी दक्षिणेत उतरले आणि १६९३ च्या सुरुवातीला खानाला मोर्चे उठवून वांदिवाशला मागे हटावं लागलं. तरी तो पुन्हा आला, आणि १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली. मोगलांनी तिचं नाव नुसरतगड ठेवलं. राजाराम महाराज मात्र त्याआधीच निसटले होते. एका किल्ल्यापायी बादशहाची फौज सात-आठ वर्षं तिकडे अडकून पडली आणि इकडे महाराष्ट्रात मराठ्यांना पुन्हा पाय रोवता आले. किल्ला पडला हे लपवलं की ही झुंज कशासाठी होती तेच कळत नाही.

राहिलं खुणा पुसल्याचं. तिंडिवनमहून तिरुवन्नामलैला जाताना रस्ता किल्ल्याच्या टेकड्यांमधूनच जातो. गावाला तिथे सेंजी म्हणतात. राजगिरीचा चढ दमवणारा. माथ्याच्या अलीकडे कातळात खोल घळ आहे आणि ती ओलांडायला छोटा पूल. खाली कल्याण महालाचा निमुळत्या छपराचा उंच मनोरा, पलीकडे धान्याची कोठारं, वेंकटरमण मंदिर आणि सादतुल्लाखानाच्या नावाची मशीद. एकावर एक इतक्या राजवटींचा थर बसलेल्या गावाने एकाच राजवटीच्या आठवणी कशा जपाव्यात? तिथले लोक पोवाडा गातात तो देसिंगू राजाचा, म्हणजे जिंजीवर राज्य केलेल्या तेजसिंह बुंदेल्याचा. अर्काटच्या नवाबाशी लढताना तो १७१४ साली ऐन तारुण्यात पडला. तोही बाहेरून आलेल्या घराण्यातलाच, तरी त्यांनी त्याला आपला मानला.

आणि जिंजीतून खरोखर काही उचलून नेलं असेल, तर ते फ्रेंचांनी. वेंकटरमण मंदिराचे कोरीव दगडी खांब त्यांनी पाँडिचेरीला नेले. आज तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती उभे आहेत ते जिंजीचेच खांब.