टाकी आमच्या बोअरशेजारी, आणि माहिती म्हणे गोपनीय

आज दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. माहिती अधिकाराचं उत्तर. तीन महिने वाट बघून दोन ओळी, की मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यावसायिक गोपनीयतेशी संबंधित असल्याने कलम ८(१)(डी) अन्वये देता येत नाही. कुठल्या ऑफिसचं ते लिहीत नाही. विचारलं काय होतं मी? आमच्या शेजारच्या पेट्रोल पंपाखाली टाक्या किती, कुठल्या साली पुरल्या, गळतीची टेस्ट शेवटची कधी झाली. बस. नफा किती, माल कितीला घेता, असलं काही नाही विचारलं. टाकीचं वय गुपित कसं असू शकतं? बाकरवडीचा मसाला आहे का तो?

जुन्या लोकांना आमच्या बोअरचं माहितीये, पण अर्धंच. २०१९ चा पावसाळा. वॉचमनची बायको सकाळी सकाळी बादली घेऊन वर आली, दारातच ठेवली आणि म्हणाली, "ताई, वास घ्या." मी म्हटलं काहीतरी सांडलं असेल त्यात. तर म्हणे तीन वेळा ओतून परत भरली. पाण्यावर तवंग होता, बोट फिरवलं की तुटायचा आणि परत जुळायचा. तिची पोरं चार दिवस त्याच पाण्याने अंघोळ करत होती. आम्हाला कोणाला पत्ताच नाही, कारण आम्हाला कॉर्पोरेशनचं पाणी, बोअरचं फक्त फ्लशला, गाड्या धुवायला आणि वॉचमनच्या खोलीला.

पंपावर गेलो तर मालक म्हणाले, तुमच्या पार्किंगमधल्या गाड्या गळत असतील. असेलही बाबा! आपल्याखाली सगळा काळा कातळ, पाणी कुठल्या भेगेतून कुठे जातं ते आपल्याला वरून काय कळणार. पण पंपाचं रेकॉर्ड समोर असतं तर निदान तो संशय तरी फिटला असता ना, त्यांच्यावरचा सुद्धा.

आणि रेकॉर्ड असतं हो! रोज सकाळी पंपावरचा मुलगा टाकीत डिपची, म्हणजे साठा मोजायची, काठी सोडतो, टोकाला पेस्ट लावलेली, खाली पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. कालचा साठा अधिक आलेला टँकर वजा विक्री, ते डिपशी जुळलं पाहिजे. थोडं व्हेरिएशन येतंच, पेट्रोल उडतं, गरमीने फुगतं, मान्य. पण रोज एकाच बाजूला कमी यायला लागलं तर माल कुठेतरी जातोय एवढं तर कुणालाही कळेल. डेन्सिटी विचारली तर दाखवतात, भेसळ बघायला फिल्टर पेपर मागितला तर देतात, पाच लिटरचं माप काढून मोजून दाखवतात. म्हणजे माझ्या गाडीत काय गेलं ते मला कळायचा हक्क आहे, माझ्या जमिनीत काय गेलं त्याचा नाही. कमाल आहे.

कायदे नाहीत असं कोणी म्हणू नका. पेट्रोलियम कायदा १९३४ चा, नियम २००२ चे, परवाना देणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय नागपूरला. केंद्रीय प्रदूषण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवीन पंपांसाठी सांगितलं की शाळा, दवाखाना, वस्ती यांच्यापासून ५० मीटर लांब, जागाच नसेल तर जास्तीची सुरक्षा घेऊन निदान ३०. छान. नवीन पंपांसाठी! आमचा पंप सोसायटीच्याही आधीचा, भिंतीला भिंत.

भाचा अमेरिकेत असतो. (हो, आलं अमेरिकेचं कौतुक, हसून घ्या.) तिथे गळतीचा नुसता संशय आला तरी २४ तासांत कळवावं लागतं, २००५ च्या कायद्यानंतर दर तीन वर्षांनी तपासणी, आणि टाक्यांची नोंद लोकांसाठी खुली. त्यांच्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण खात्याने, सरळ नकाशाच टाकलाय ऑनलाइन. त्याने घराजवळचा पंप शोधून मला स्क्रीनशॉट पाठवला. मला मान्य आहे की तिथेही टाक्या गळतात, भरपूर गळतात, आजवर पाच लाखांच्या वर गळत्या नोंदल्यात त्यांनी. पण नोंदल्यात ना!

एवढं टाइप केलं आणि जरा थांबले, चहा केला. कारण अर्धी गोष्ट राहिलीये.

तेव्हा मी सोसायटीची खजिनदार होते. बादलीच्या तिसऱ्या दिवशी मिटिंग झाली. पाणी लॅबला पाठवायचं का, तर नको. ग्रुपवर लिहायचं का, तर अजिबात नको. ए विंगमधले दोन फ्लॅट विकायला काढलेले होते, एकाची तर बोलणी टोकनपर्यंत आलेली. "बाहेर गेलं तर रेट पडतील." बोअर बंद करायचा ठराव झाला आणि कारण लिहिलं 'मोटर नादुरुस्त'. ते अक्षर माझं आहे. मोटर एकदम ठणठणीत होती. आणि आता मीच दुसऱ्यांच्या रजिस्टरवर ओरडतेय.

वॉचमनचं कुटुंब दिवाळीनंतर गेलं. कुठे गेलं आम्ही विचारलं नाही. ती बादली घेऊन आली तेव्हा ओली राहिलेली तिची चप्पल मला का कोण जाणे अजून आठवते, ती चप्पल दाराबाहेर काढून उभी होती, पाणी दाखवायला आली होती आणि फरशी खराब होईल याची काळजी करत होती.

पंपवाले सगळे चोर नाहीत. आमच्यासारखेच असतील, गाडं चाललंय तोवर चालू द्यायचं. म्हणूनच तर कुणाच्या मर्जीवर सोडायचं नाही हे. हवा फुकट, पाणी फुकट, टॉयलेट इकडे अशी पाटी असतेच पंपावर, तिच्याखाली अजून दोन ओळी लिहा, टाकी कुठल्या सालची आणि टेस्ट कधीची. रंगाचा खर्च मी देते.

पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं. त्या ८(१)(डी) मध्येच व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते असं वाक्य आहे, ते धरून कुणी अपील लिहिलं असेल तर मसुदा इनबॉक्स करा प्लीज. आणि आमच्या सोसायटीतले जे इथे आहेत त्यांनी ही पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. रात्री जेवणं झाली की मीच टाकणार आहे, त्या ठरावाच्या पानाच्या फोटोसकट.